सभापतींच्या हातातली पिशवी

सोमवारची सकाळ, सव्वादहाची वेळ. हिंगणमाळ गावच्या महिला गटाची पत्र्याची शेड. शेडमध्ये बावीस बायका, मधोमध एक लांबलचक मशीन आणि मशीनपाशी उभे असलेले वसतिगृहाचे अधीक्षक बनसोडे गुरुजी. गुरुजींच्या हातात सातूच्या पिठाची अर्ध्या किलोची पिशवी. आतल्या पिठाचे हिरवट गोळे झालेले.

"आमच्या अकरा पोरांना शनिवारी दिवसभर उलट्या झाल्या," गुरुजी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, पिठाला बुरशी आली आहे. पोरं आता बरी आहेत, म्हणून मी आधी तुमच्याकडे आलो. मला एवढंच सांगा, ही पिशवी बंद कुणी केली?"

गटाची अध्यक्षा रंजना भोईटे मशीनच्या एका टोकाला उभी होती. गुरुजींना खरं काय विचारायचं आहे ते तिला कळत होतं, आणि त्याचं उत्तरही दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. तिने हात उचलला आणि मशीनच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं.

"अक्कांनी," ती म्हणाली. "मशीनवर गोदाक्काच बसतात."

या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. आणि तरीही त्या वर्षी त्या गावात याहून मोठं खोटं दुसरं कुणी बोललं नसेल.

ते कसं, हे कळायला दोन महिने मागे जायला हवं.

हिंगणमाळचा गट नऊ वर्षं सातूचं पीठ करत होता. गहू ओलसर करून कांडायचे, भाजायचे, त्यात फुटाण्याची डाळ आणि वेलदोडा घालायचा आणि सगळं बारीक दळून आणायचं. पीठ इतकं हलकं की डब्याचं झाकण उघडलं तरी उडायचं. संध्याकाळी घरी जाताना बायकांच्या भुवया भुऱ्या झालेल्या असत.

हे पीठ पिशवीत बंद करायचं काम गोदाक्कांचं. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्यापाशी मशीन नव्हतं. एक मेणबत्ती होती आणि करवतीचं एक जुनं पातं. पिशवी उभी धरायची, पीठ भरायचं, तळ दोनदा जमिनीवर आपटायचा. मग बोटाला कोरडं फडकं गुंडाळून पिशवीचं तोंड आतून पुसून घ्यायचं. तोंड पात्यावर दुमडायचं आणि ती दुमड ज्योतीच्या कडेकडेने सरकवत न्यायची. प्लास्टिक विरघळून चिकटायचं. शेवटी पिशवी गालाला लावून हळूच दाबायची. गालाला वारा लागला, तर पिशवी बाजूला. नाही लागला, तर खोक्यात.

रंजनाला हे काम गोदाक्कांनीच शिकवलं होतं. लग्न होऊन गावात आली तेव्हा तिला या गावात कुणी ओळखत नव्हतं. गोदाक्कांनी तिला पहिल्या दिवशी शेजारी बसवून घेतलं आणि तेव्हापासून "पोरी" म्हणूनच हाक मारली. पुढे रंजना शिकलेली, बोलायला धीट, म्हणून अध्यक्षा झाली. सर्वांत आधी हात वर केला तो गोदाक्कांनी.

मग वसतिगृहाची मागणी आली. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची साडेतीनशे पोरं तिथे राहत. सकाळी दुधात कालवायला दर पोरामागे आठवड्याला एक पिशवी हवी होती. मेणबत्तीवर दिवसाला सत्तर-ऐंशी पिशव्या होत. नेहमीची गिऱ्हाइकं सांभाळून एवढं होणं शक्य नव्हतं. मशीन घ्यायचं ठरलं. पंचायत समितीने मदत देऊ केली, आणि सभापती स्वतः उद्घाटनाला येतो म्हणाले.

इथे रंजनाची पहिली चूक झाली. मशीन पिठासाठी घ्यायचं आहे हे ती विसरली. तिच्या डोक्यात उद्घाटन बसलं.

तालुक्याच्या गावी शौकत मणेर नावाचा एक दुकानदार पिशव्या बंद करायची मशीनं विकत असे. रंजना त्याच्याकडे गेली. त्याने खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "ताई, माल कसला आहे?"

"आधी मशीन तर दाखवा."

"दाखवतो की. पण माल कसला ते सांगा. चपला घ्यायला गेल्यावर पाय दाखवायला लागतोच ना?"

"पीठ आहे. सातूचं."

मणेर उठला आणि कोपऱ्यातल्या एका मशीनवरचं कापड त्याने काढलं. अरुंद, उभं, चार पायांवरचं. "हे घ्या. यात पिशवी उभी चालते. पीठ खाली, तोंड वर. तोंडाला पीठ लागत नाही."

रंजनाने त्याच्याकडे बघितलं. शिवणयंत्राचा सांगाडा असावा तसं ते दिसत होतं. मग तिची नजर दुसरीकडे गेली. तिथे एक आडवं मशीन होतं. लांब, चकचकीत. त्याला सरकता पट्टा होता, लाल आकडे लुकलुकत होते, तारीख उमटवायचा शिक्काही होता.

"आणि हे?"

"हे वेफरला, पापडाला, बिस्किटाला. पिशवी पट्ट्यावर आडवी ठेवायची आणि सोडून द्यायची. पण पिठाला नको, ताई. पिशवी आडवी पडली की पीठ तोंडाशी धावतं. प्लास्टिकच्या दोन पदरांमध्ये पिठाचा कण राहिला, तर बघणाऱ्याला वाटतं चिकटलं. चिकटलेलं नसतं."

रंजना ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांपुढे शेड होती. पट्ट्याच्या या टोकाला सभापती उभे आहेत, पट्टा सरकत येतो आहे, आणि पिशवी आपणहून त्यांच्या हातात येते आहे. फोटो. त्या उभ्या सांगाड्यापुढे सभापतींना उभं तरी कुठे करणार?

"हे भरीव दिसतं," ती म्हणाली.

"बघायला नेताय का वापरायला?"

"अहो, तुम्ही विकायला बसलाय का नको म्हणायला?"

मणेर हसला. "मी दोन्ही विकतो. म्हणून तर सांगतोय. माझं यात काही जात नाही, तुमचं जाईल."

तिने आडवं मशीन घेतलं.

उद्घाटनाच्या सकाळी मशीनला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. पूजा झालेल्या मशीनवर पीठ सांडायला नको, म्हणून रंजनाने आधी रिकाम्या पिशव्या घालून बघितल्या. पिशव्या पट्ट्यावरून सरकत गेल्या, तोंडं सरळ रेषेत चिकटली, तारखा उमटल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

एकट्या गोदाक्कांनी वाजवल्या नाहीत. "पोरी, शेजारणीची वाटीसुदिक आपण रिकामी परत देत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् सायबाच्या हातात रिकामी पिशवी देनार व्हय? भरून बघ की एक."

बायका हसल्या. रंजनालाही हसू आलं. तिने एक पिशवी भरून पट्ट्यावर आडवी ठेवली.

पीठ तोंडाशी आलं. थोडं पट्ट्यावर सांडलं. पिशवी दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा तोंड चिकटल्यासारखं दिसत तर होतं. गोदाक्कांनी ती गालाला लावून दाबली. "वारा लागतोय." दुसरी भरली. तोंड फडक्याने पुसलं, जपून आडवी केली. आडवी झाल्याबरोबर पीठ पुन्हा तोंडाशी. "हितंबी लागतोय." तिसरी तर हातात घेताच उकलली.

तेवढ्यात वेशीवरून सांगावा आला की गाडी वळणावर आली.

रंजनाने इकडेतिकडे बघितलं. बायका साड्या सारख्या करत होत्या, कुणी ओवाळणीचं ताट शोधत होतं. तिने गोदाक्कांना कोपऱ्यात घेतलं.

"अक्का, एक पिशवी मेणबत्तीवर बंद करा. लवकर."

"आन् काय करू तिचं?"

"पट्ट्याच्या टोकाशी ठेवा. मी मशीन चालू केलं की सरकवा पुढं."

गोदाक्का तिच्याकडे बघत राहिल्या. "पोरी, हे बरं न्हवं."

"आजचा दिवस, अक्का. उद्या बघू."

गोदाक्कांनी मेणबत्ती पेटवली. त्या का नको म्हणाल्या नाहीत? रंजना त्यांची होती, एवढंच. पोटच्या पोरीची लाज चारचौघांत जाऊ नये म्हणून आई जे करते, ते त्यांनी केलं.

सभापती आले, फीत कापली. मशीन घरघरलं. पट्टा सरकला, आणि पिशवी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून बघितली. "वा! टाके घातल्यासारखी पक्की बंद झाली की हो!" फोटो निघाले. रंजना शेजारी हसत उभी होती. गोदाक्का मागच्या रांगेत सरकल्या होत्या. अंगठ्याला लागलेली काजळी त्यांनी पदरात पुसली.

उद्या बघू म्हटलेला उद्या आला, आणि रंजनाने काही बघितलं नाही. वसतिगृहाला माल पाठवायचा होता. उभं मशीन आणायचं तर हे का नको ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर सभापतींच्या हातातल्या पिशवीचंही सांगावं लागलं असतं. तो फोटो तोवर पेपरात आला होता. कुणीतरी तो कापून शेडच्या भिंतीला चिकटवलाही होता. रंजनाने मशीनवर गोदाक्कांना बसवलं. त्यांच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि गुपित माहीत असलेलं माणूस डोळ्यांसमोर असलेलं बरं, हेही तिच्या मनात होतं.

गोदाक्का पिशवी पुसत, आडवी करत, पुन्हा पुसत. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक टोपली घेऊन त्यांनी वारा लागणाऱ्या पिशव्या त्यात टाकायला सुरुवात केली. दुपारपर्यंत टोपली भरे आणि खोकं अर्धं राही.

"पोरी, पीठ तोंडाशी येतंय," त्या पहिल्या आठवड्यात म्हणाल्या.

"मशीन चुकत नसतं, अक्का. सवय नाही तुम्हाला."

दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा म्हणाल्या. रंजना म्हणाली, "सारखं गालाला लावत बसलात तर पट्टा थांबतो. आणि खायच्या वस्तूला गाल लावणं बरं दिसत नाही. बंद करा ते."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टोपली उचलून रंजनाच्या पुढ्यात ठेवली. रंजनाने त्यातल्या पिशव्या एकेक करून खोक्यात रचल्या. गोदाक्का बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून टोपली आली नाही.

त्या महिन्यात डोंगरावर हवा सर्द होती. कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. वसतिगृहाच्या कोठीत खोकी एकावर एक रचलेली होती, आणि त्या हवेला आत शिरायला पिठाच्या एका कणाएवढी वाट पुरेशी होती.

आता पुन्हा त्या सोमवारी.

रंजनाने बोट केलं, आणि सगळ्यांच्या नजरा गोदाक्कांकडे गेल्या. गोदाक्कांनी फक्त रंजनाकडे बघितलं. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. उद्घाटनाची पिशवी मी मेणबत्तीवर बंद केली होती आणि का, ते हिला विचारा, एवढंच. रंजना त्या वाक्याची वाट बघत उभी राहिली.

गोदाक्कांनी बोटाचं फडकं सोडलं, त्याची घडी केली, कमरेला खोचली. "बरं," म्हणाल्या, आणि शेडच्या बाहेर गेल्या.

गुरुजींनाच वाईट वाटलं. "वयानं हात थरथरत असेल हो. रागावू नका त्यांना. पण मशीनवर आता दुसरं कुणी बसवा."

"हो," रंजना म्हणाली.

गुरुजी गेले. मागच्या रांगेत सिंधू पवार नावाची एक बाई होती, फटकळ म्हणून गावभर माहीत. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "अक्काचा हात थरथरतोय म्हणं. सुईत दोरा पैल्या झटक्यात ओवती ती. आमचाच हात थरथरत असंल मग."

दोन दिवस रंजनाने स्वतःला समजावलं की मशीनमध्येच काही बिघाड असेल. तसं निघालं तर कुणाचंच नाव यायला नको. तिने मणेरला दुरुस्तीला बोलावलं. तो बुधवारी आला. मशीन चालू करून त्याने कान दिला, पट्टा बघितला, तापमान बघितलं. मग एक भरलेली पिशवी मागितली. ती सगळ्या बायकांसमोर उभी धरली. पीठ तळाशी होतं. तीच पिशवी त्याने पट्ट्यावर हळूच आडवी केली. पीठ सरसरत तोंडाशी आलं आणि काठाला थर देऊन बसलं.

"बघा," तो म्हणाला. "मशीन ठणठणीत आहे. याला काम चुकीचं दिलंय."

बायका पुढे झाल्या. सगळ्यांनी बघितलं. इतकी साधी गोष्ट होती की सहा वर्षांच्या पोरालाही कळली असती.

"कोण बसत होतं यावर?" मणेरने विचारलं.

"गोदाक्का," सिंधू म्हणाली. "आता न्हाई बसत. हात थरथरतोय त्यांचा, असं ठरलंय."

मणेरने रंजनाकडे बघितलं. दुकानातलं सगळं त्याच्या तोंडाशी आलं असेल. मी बजावलं होतं, हे तो एका दमात सांगू शकला असता. पण बाईमाणसाला तिच्या माणसांत उघडं पाडायचं नाही, एवढी रीत त्याला होती. "या मशीनवर पीठ दिलं, तर माझाही हात थरथरतोय असंच दिसेल," एवढंच तो म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरू लागला.

ज्यांना तिचं खरं माहीत होतं ती दोन्ही माणसं गप्प राहिली होती. तिला वाचवायला. रंजनाला तिथे उभं राहवेना. कुणी शिवी दिली असती तर तिला सोसलं असतं.

दुपारी ती गोदाक्कांच्या घरी गेली. गोदाक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. रंजना पायरीवरच बसली.

"अक्का, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"मशीन."

"मशीन चुकतं मानसाचं. ते मी तवाच सोडून दिलं."

"मग?"

गोदाक्कांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "बोट चुकलं तुझं. बोट कुठं केलंस? बावीस जनींत, गुरुजींच्या म्होरं. आन् चुकलं म्हनतीस कुठं? माझ्या ओसरीवर, कुनी नसताना. हितं मला काय करायचंय ते? तितं बोल."

"तिथं बोलले तर सगळंच सांगावं लागेल. त्या दिवशीच्या पिशवीचं पण."

"सांग की."

"अध्यक्षपद जाईल, अक्का. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"व्हय, जाईल," गोदाक्का म्हणाल्या. सूप पाखडून त्यांनी खाली ठेवलं. "सोमवारपास्नं मी न्हाई कुठं तोंड दाखवलं. चा घेतीस?"

रंजना चहा न घेताच उठली.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. दोन्ही दिवशी ती शेडमध्ये आली, कुलूप काढलं आणि संध्याकाळी लावलं. गोदाक्कांची बसायची जागा रिकामी होती आणि बायका तिला वळसा घालून जात होत्या. वसतिगृहातली अकरा पोरं तिने बघितलेली नव्हती, पण ती आता तिला दिसू लागली. वाटी तोंडाला लावलेली, दुधात पीठ कालवलेलं, आणि शेजारच्या पिशवीवर तिच्या गटाचं नाव. दुसऱ्या कुणाच्या पोरांनी आपल्या मोठेपणाची किंमत पोटातून दिली, ही गोष्ट तिला कुठल्याच बाजूने वळवून बरी दिसत नव्हती.

शनिवारी तिने सगळ्या बायकांना बोलावलं. गुरुजींना निरोप धाडला. गोदाक्कांकडे ती स्वतः गेली. "तिथं बोलते. या," म्हणाली. गोदाक्का आल्या आणि दाराशीच बसल्या.

रंजना मशीनपाशी उभी राहिली. "आपल्या मशीनमुळे जे झालं..." असं तिने सुरू केलं आणि अडखळली.

"मशीनचं मणेरभाऊंनी सांगितलंय," सिंधू म्हणाली. "तुमचं सांगा, ताई."

मग तिने सांगितलं. दुकानदाराने नको म्हटलं होतं, तरी फोटोसाठी हे आणलं. पहिल्याच सकाळी तीन पिशव्या फसल्या, तेव्हाच कळलं होतं. सभापतींच्या हातात दिलेली पिशवी मशीनची नव्हती, अक्कांनी मेणबत्तीवर बंद केलेली होती, आणि तसं करायला मीच सांगितलं. अक्का तीन आठवडे बजावत होत्या. बाजूला काढलेल्या पिशव्या मी माझ्या हातांनी खोक्यात भरल्या. आणि सोमवारी तुमच्या सगळ्यांसमोर मी त्यांच्याकडे बोट केलं.

ती बोलायची थांबली. एक-दोघींनी मान खाली घातली, कारण सोमवारी त्याही गप्प बसल्या होत्या.

शेवटी गुरुजी बोलले. आवाज खाली गेला होता. "ताई, मी पण एक सांगतो. या खेपेची पहिली पिशवी उघडली, तेव्हाच मला कुबट वास आला होता. पण पेपरात फोटो बघितला होता. एवढं मोठं मशीन, सभापतींनी हातात घेतलेली पिशवी. म्हटलं, आपल्याच नाकात काही असेल. आठवडाभर वाढत राहिलो." ते खाली बसले. "मी तुमच्याकडे जाब विचारायला आलो होतो. मला कुणी विचारलाच नाही."

रंजनाने अध्यक्षपद सोडलं. बायकांनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मणेरने आडवं मशीन परत घेतलं आणि उभं दिलं. आडवं पुढे पापड करणाऱ्या एका गटाकडे गेलं. तिथे ते उत्तम चालतं. त्या मशीनचा काही दोष नव्हता.

गोदाक्का तिसऱ्या दिवशी परत कामावर आल्या. त्यांनी कुणाला काही ऐकवलं नाही. उभ्या मशीनपाशी बसल्या, पहिली पिशवी गालाला लावली, दाबली आणि खोक्यात ठेवली. रंजना आता त्यांच्या शेजारी बसून पिशव्यांची तोंडं पुसते. दोघी एकाच किटलीतला चहा पितात. पण गोदाक्का तिला पोरी म्हणत नाहीत. "रंजनाबाई, फडकं द्या," म्हणतात. जवळच्या माणसाने असं अहोजाहो केलं की ते किती लागतं, हे रंजना रोज शिकते आहे. तिने एकदाही तक्रार केलेली नाही.

आडवं मशीन टेम्पोत चढवताना मणेरने तिला एक गोष्ट सांगितली होती. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सभापतींच्या कार्यालयातून त्याला निरोप आला होता. असलीच आणखी चार मशीनं पाठवा, चार गावांच्या गटांना. तिथे माल कोणता, असं त्याने विचारलं. उत्तर मिळालं, साहेबांनी पिशवी स्वतः दाबून बघितली आहे, तुम्ही पाठवा. मग त्याने ती पाठवली होती.

रंजनाने त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. झालेलं सगळं त्यात लिहिलं, स्वतःचं नाव घालून. ते घेऊन ती स्वतः गेली. कारकुनाने पत्र ठेवून घेतलं आणि पोच दिली. ती आणखी दोनदा गेली. साहेब दौऱ्यावर आहेत, असं दोन्ही वेळा सांगण्यात आलं. या गोष्टीला तीन महिने झाले. चारही मशीनं चालू आहेत. त्यातल्या दोन गावांत अंगणवाडीच्या पोरांसाठी पीठ भरलं जातं. त्या पिशव्या कुणी तपासल्या का, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

तात्पर्य: पिशवी बंद करायचं मशीन आत भरायचा माल बघून निवडावं, समोर उभा राहणारा पाहुणा बघून नव्हे. आणि निवड चुकली, तर ती आपली म्हणून त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगावी. दुसऱ्याच्या नावावर घातलेली चूक तिथेच राहत नाही. ती पुढच्या गावाला जाते आणि तिथली पोरं ती खातात.